पहिल्या विभागातले आकडे

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एक दिवस पहिल्या विभागात भरती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात, अशी पाळी लावलेली असे. शहरातल्या गोरगरीब बायकांना ही पाळी तोंडपाठ होती. कळा सुरू झालेली बाई दारात आली आणि आज पहिल्या विभागाचा दिवस आहे असं तिला कळलं, की ती गुडघे टेकून गयावया करायची, मला परत जाऊ द्या म्हणायची. आत गेलेल्या काही जणींना ताप चढे, नाडी धावू लागे, जीभ कोरडी पडे, पोट फुगे, आणि तरीही त्या डॉक्टरांना सांगत की आम्हाला काही झालेलं नाही, आम्ही ठणठणीत आहोत. डॉक्टरांचा हात लागला की आपण संपलो, अशी त्यांची खात्री होती. काही जणी तर रस्त्यातच मोकळ्या होत आणि मग बाळ पदराखाली घेऊन आत येत. रस्त्यात, धुळीत, कुणाच्या मदतीवाचून बाळंत झालेल्या या बायका पहिल्या विभागात नीट खाटेवर बाळंत झालेल्या बायकांपेक्षा कमी मरत.

ही गोष्ट १८४६ सालची. त्या वर्षी १ जुलै रोजी, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर या पहिल्या विभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचा सहायक म्हणून रुजू झाला.

त्याचा जन्म १८१८ चा, हंगेरीतल्या बुडा शहरातला. बुडा आणि नदीपलीकडचं पेस्ट ही तेव्हा दोन वेगळी शहरं होती. ती एकत्र होऊन बुडापेस्ट झालं ते १८७३ साली. बाप किराणा मालाचा बऱ्यापैकी मोठा व्यापारी. घरात दहा मुलं, त्यांतलं हे पाचवं. घरची बोली जर्मन, पण ती बुडाकडची गावठी जर्मन. व्हिएन्नाच्या उच्चभ्रू वर्तुळात त्याचा तो हेल कानाला खटके, आणि त्यालाही ते कळत असावं. कारण लिहिण्याची आणि चारचौघांत वाद घालण्याची त्याला आयुष्यभर नावड होती. या नावडीची किंमत पुढे त्यानेही दिली आणि इतरांनीही. बापाने त्याला १८३७ साली व्हिएन्नाला पाठवलं ते कायदा शिकायला. वर्षभरात पोरगा कायदा सोडून वैद्यकाकडे वळला. १८४४ साली पदवी मिळाली. त्याला खरं तर अंतर्गत रोगांच्या विभागात जायचं होतं. ती जागा मिळाली नाही, म्हणून प्रसूतिशास्त्राकडे आला. तेव्हा हा विषय हुशार मुलांनी घ्यावा असा समजला जात नसे.

ते हॉस्पिटल मात्र साधंसुधं नव्हतं. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ साली ते उघडलं. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयांपैकी ते एक. बाळंतपणासाठी येणाऱ्या बायका बहुतेक मोलकरणी, कामगारणी, अनेक जणी बिनलग्नाच्या. त्यांना तिथे फुकट उपचार मिळत, पोर अनाथालयात ठेवता येई, आणि त्याच्या बदल्यात त्यांनी विद्यार्थ्यांना आपलं शरीर तपासू द्यायचं असा हा व्यवहार होता. पैसेवाल्या घरच्या लेकीसुना घरीच बाळंत होत. म्हणजे वैद्यकीय विद्या ज्यांच्या जिवावर शिकली जात होती, त्यांचं कुणी विचारणारं नव्हतं.

आता दोन विभागांतला फरक सांगतो. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणींचं शिक्षण होई. बाकी इमारत एक, स्वयंपाक एक, हवा एक, भरती होणाऱ्या बायकाही एकाच थरातल्या. आणि तरी नोंदवही काय म्हणत होती? १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणं झाली आणि १,९८९ बायका दगावल्या. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणं आणि ६९१ मृत्यू. एकीकडे जवळजवळ दहा टक्के, दुसरीकडे चार टक्क्यांच्या आत. १८४६ या एकाच वर्षात पहिल्या विभागात ४५९ बायका गेल्या, दुसऱ्यात १०५.

मी आयुष्याची तीसेक वर्षं बँकेत काढली. दोन शाखा एकाच गावात, एकाच प्रकारचे खातेदार, एकाच प्रकारची कर्जं, आणि एका शाखेची बुडीत रक्कम दुसरीच्या अडीचपट असेल, तर कुठलाही तपासनीस हवापाण्याची चर्चा करत बसणार नाही. तो त्या शाखेत काय वेगळं चालतं ते पाहील. सेमेलवाइसने हेच केलं, आणि त्याच्या मोठेपणाचा निम्मा भाग मला इथेच दिसतो. आकडे सगळ्यांसमोर होते, छापलेले होते. ते आपल्याला काहीतरी विचारताहेत असं त्याला एकट्याला वाटलं.

त्यातही एक मेख होती, ती त्याने स्वतःच पुढे नोंदवून ठेवली. साथ जोरात असली की पहिल्या विभागातल्या आजारी बाळंतिणी उचलून हॉस्पिटलच्या इतर वॉर्डांत हलवल्या जात. तिथे त्या मेल्या की तो मृत्यू तिकडच्या खात्यावर पडे. दुसऱ्या विभागातून असं क्वचितच होई. म्हणजे पहिल्या विभागाचा ताळेबंद होता त्यापेक्षा बरा दिसत होता. मार्चअखेर आला की थकलेली खाती इकडून तिकडे करण्याची कला ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यावर जास्त सांगायला नको.

त्या काळचे विद्वान या मृत्यूंची कारणं देत होतेच. हवेतला, पृथ्वीच्या पोटातला, ग्रहताऱ्यांचा काही अज्ञात प्रभाव. दूध उतरण्यातला बिघाड. बायकांच्या मनातली भीती. बिनलग्नाच्या बायकांची लाज. सेमेलवाइस एकेक कारण घेऊन त्याला आकड्यांवर घासून बघत गेला. हवेचा दोष असेल तर एकाच छपराखालच्या दुसऱ्या विभागाला तो का लागत नाही, आणि व्हिएन्ना शहरात घरी बाळंत होणाऱ्यांत अशी साथ का नाही? गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या विभागात गर्दी जास्त, कारण पहिल्याला बायका टाळत. भीती म्हणावी, तर आधी मरण आलं मग भीती आली. भीतीने मरण सुरू कसं होईल?

तरीसुद्धा त्याने भीतीचीही परीक्षा घेतली. मरणाऱ्या बाईला अंतिम संस्कार द्यायला पाद्री यायचा. पहिल्या विभागात आजाऱ्यांच्या खोलीपर्यंत पोचायला त्याला पाच खोल्या ओलांडाव्या लागत, आणि पुढे एक सेवक घंटा वाजवत चाले. ती घंटा ऐकून बाळंतिणींच्या छातीत धस्स होत असेल, यात नवल नाही. सेमेलवाइसला स्वतःलाही ती ऐकवत नसे. त्याने पाद्र्याला विनंती करून वाट बदलायला लावली, घंटा बंद करायला लावली. मरण कमी झालं नाही. दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर निजवून बाळंत करत, पहिल्यात पाठीवर. त्याने पहिल्यातही कुशीवर निजवायला लावलं. फरक पडला नाही. एक चौकशी समिती बसली. तिने ठरवलं की विद्यार्थी, विशेषतः परदेशी विद्यार्थी, तपासताना हात जरा जोरात लावतात; म्हणून विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणली. आकडा थोडे दिवस उतरला आणि पुन्हा चढला. तो का उतरला होता, हे त्या समितीला कळलं नाही.

ऑक्टोबर १८४६ मध्ये आधीचा सहायक परत आल्याने सेमेलवाइसला जागा सोडावी लागली. पाच महिन्यांनी ती जागा पुन्हा रिकामी झाली. मधल्या काळात थकलेलं डोकं शांत करायला मार्चच्या सुरुवातीला तो मित्रांबरोबर व्हेनिसला गेला. २० मार्च १८४७ ला परतला आणि कामावर रुजू होताना त्याला बातमी कळली, की त्याचा स्नेही, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी कोलेच्काच्या बोटात शिरली होती. साधी जखम. पण त्यातून हात सुजला, शिरा सुजल्या, मग फुप्फुसाचं आवरण, हृदयाचं आवरण, पोटाचं आवरण, शेवटी मेंदूचं आवरण, असं सगळं पेटत गेलं.

सेमेलवाइसने तो शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. असे अहवाल तो रोज सकाळी स्वतःच लिहीत आला होता, फक्त ते मेलेल्या बाळंतिणींचे असत. कोलेच्का पुरुष. त्याला बाळंतपण नाही, दूध नाही, लाज नाही. आणि तरी आतलं चित्र तेच. तर मग कोलेच्काला ज्याने मारलं त्यानेच बाळंतिणींना मारलं. कोलेच्काच्या रक्तात प्रेतातला अंश सुरीने घातला. बाळंतिणींच्या रक्तात तो कुणी घातला?

पहिल्या विभागातला रोजचा क्रम डोळ्यांपुढे आणा. सकाळी प्राध्यापक, सहायक, विद्यार्थी शवागारात जात, आदल्या दिवशी मेलेल्या बायकांची शरीरं उघडत. मग हात साबणाच्या पाण्याने खंगाळून वर वॉर्डात येत आणि कळा देणाऱ्या बायकांना आतून तपासत. एकामागून एक विद्यार्थी, एकाच बाईला. प्रेताचा वास हाताला दिवसभर राहत असे. सुइणींना शवविच्छेदन नव्हतं. रस्त्यात बाळंत होऊन आलेल्या बाईला आतून तपासण्याची गरजच नसे. ज्यांच्या कळा दिवस-दीड दिवस लांबत, त्या सर्वांत जास्त मरत. कारण त्यांच्यावर सर्वांत जास्त हात पडत. परदेशी विद्यार्थ्यांना काढल्यावर आकडा उतरला, कारण हात कमी झाले. सगळे सुटे धागे एका गाठीत आले.

आणि मागे जाऊन त्याने जुन्या नोंदी चाळल्या. १८२२ पर्यंत लुकास बोएर हा प्राध्यापक होता. तो शिकवण्यासाठी प्रेतांचा वापर करायला तयार नव्हता. त्याच्या काळात मृत्यूचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास. त्याच्यानंतर क्लाइन आले, प्रेतांवर शिकवणं सुरू झालं, आणि प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं. व्हिएन्नाची कीर्ती ज्या शवविच्छेदनशास्त्रामुळे जगभर झाली होती, ज्यासाठी कार्ल रोकितान्स्कीसारख्या थोर माणसाने हजारो प्रेतं तपासली होती, त्याच शास्त्राच्या वाढीबरोबर बाळंतिणींचं मरण वाढत गेलं होतं. सेमेलवाइस हा रोकितान्स्कीचाच शिष्य. शवागारात सगळ्यांत नेमाने जाणारा. इतर कुणाही सहायकापेक्षा जास्त प्रेतं त्याने हाताळली होती, कारण त्याला या मरणाचा छडा लावायचा होता. हिशेब सरळ होता. पुढे ग्रंथ लिहिताना त्याने तो मांडला आणि स्वतःला त्यातून वगळलं नाही. माझ्यामुळे किती जणी अकाली गेल्या ते परमेश्वरालाच माहीत, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे.

मेच्या मध्यावर त्याने पहिल्या विभागाच्या दाराशी क्लोरीनच्या पाण्याचं घंगाळ ठेवलं. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने त्यात हात धुवायचे. वास जाईपर्यंत धुवायचे. क्लोरीनचं पाणी महाग पडतं म्हणून काही दिवसांनी क्लोरीनयुक्त चुना आणला. आपण विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर, तीच ही. हातांची सालं निघत, विद्यार्थी कुरकुरत. एप्रिल १८४७ मध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ मृत्यू झाले होते, म्हणजे शेकडा अठराहून अधिक. जूनमध्ये २६८ बाळंतपणं, मृत्यू ६. जुलैत २५० बाळंतपणं, मृत्यू ३.

मग ऑक्टोबरात धक्का बसला. गर्भाशयाला कर्करोग होऊन पू वाहत असलेली एक बाई भरती झाली. तिची खाट पहिली. तिला तपासून डॉक्टर साबणाने हात धुऊन पुढच्या खाटांकडे गेले, कारण क्लोरीन फक्त शवागारातून आल्यावर, असा समज होता. तिच्याबरोबर बाळंत झालेल्या बारा जणींपैकी अकरा गेल्या. सेमेलवाइसला कळलं की विष केवळ प्रेतातच असतं असं नाही, जिवंत माणसाच्या कुजणाऱ्या जखमेतही असतं. आता प्रत्येक बाईच्या तपासणीनंतर हात धुवायचे आणि वाहती जखम असलेली बाई वेगळी ठेवायची. आजच्या रुग्णालयात खाटेगणिक जी बाटली टांगलेली असते, तिचा उगम मला शवागारापेक्षा या पहिल्या खाटेपाशी दिसतो. १८४८ या संपूर्ण वर्षात पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणं झाली आणि ४५ बायका दगावल्या. दुसऱ्यात ३,२१९ आणि ४३. त्या वर्षीचे दोन महिने, मार्च आणि ऑगस्ट, असे गेले की पहिल्या विभागात एकही बाळंतीण मेली नाही.

आता कुणालाही वाटेल की इथे गोष्ट संपायला हवी. मघाच्या सहा वर्षांचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. पहिल्या विभागात दुसऱ्याइतकंच मरण असतं, तरी बाराशेहून अधिक बायका वाचत्या. एवढं दाखवल्यावर कोण नाकारील?

नाकारलं. आणि नाकारणारे सगळे मूर्ख किंवा दुष्ट नव्हते. ही गोष्ट सांगणारे बहुधा क्लाइनसाहेबांना खलनायक करून मोकळे होतात, ते मला पुरेसं वाटत नाही. त्या काळी रोगजंतू कुणाला ठाऊक नव्हते, सेमेलवाइसलाही नव्हते. तो म्हणत होता, कुजलेल्या प्राणिज पदार्थाचे कण. कण म्हणजे काय, ते डोळ्यांना दिसत नाहीत तर एवढ्याशाने माणूस मरतो कसा, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. शिवाय बाळंतज्वराचा प्रत्येक रुग्ण याच एका कारणाने होतो, असा त्याचा हट्ट. ज्या गावी शवविच्छेदनच होत नाही तिथल्या डॉक्टरांनी म्हटलं, मग आमच्याकडच्या बायका का मरतात? त्यांच्यापर्यंत कर्करोगाच्या बाईची हकीकत पोचलीच नव्हती. कारण सेमेलवाइसने काही लिहिलंच नव्हतं! डिसेंबर १८४७ आणि एप्रिल १८४८ मध्ये त्याचा मित्र, त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड हेब्रा याने वैद्यकीय नियतकालिकात दोन टिपणं लिहिली. १८४९ साली योझेफ श्कोडाने विज्ञान अकादमीत भाषण केलं. स्वतः सेमेलवाइस पहिल्यांदा जाहीरपणे बोलला तो मे १८५० मध्ये. एवढ्या मोठ्या शोधाची तीन वर्षं त्याने दुसऱ्यांच्या तोंडून जाऊ दिली. मित्र लिही लिही म्हणत राहिले.

पण खरी अडचण वेगळीच होती. हा सिद्धान्त मान्य करायचा म्हणजे आपल्या हाताने बायका मेल्या हे मान्य करायचं. जर्मनीतल्या कील गावचा प्राध्यापक गुस्ताव मिखाएलिस याने ते मान्य केलं. त्याने स्वतः जिचं बाळंतपण केलं होतं ती त्याची चुलत बहीण बाळंतज्वराने गेली होती. सेमेलवाइसचं म्हणणं कळल्यावर त्याने आपल्या रुग्णालयात क्लोरीन सुरू केलं, मरण कमी झालेलं पाहिलं, आणि त्यामुळेच त्याची खात्री पटली की बहिणीला आपणच मारलं. ऑगस्ट १८४८ मध्ये त्याने धावत्या आगगाडीखाली जीव दिला. सेमेलवाइसवर सर्वांत आधी विश्वास ठेवणाऱ्यांतला तो एक. बाकीच्यांनी विश्वास ठेवला नाही आणि सुखाने झोपले.

१८४८ हे युरोपात क्रांतीचं वर्ष. व्हिएन्ना पेटली, हंगेरीने बंड केलं. मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइसची मुदत संपली. क्लाइन यांनी ती वाढवली नाही. त्या जागी कार्ल ब्राउन आला. सेमेलवाइसने अध्यापकपदासाठी अर्ज केला. बऱ्याच खेपांनंतर ऑक्टोबर १८५० मध्ये परवानगी मिळाली, पण कशी, तर प्रसूतिशास्त्र शिकवायचं ते पुतळ्यावर. खऱ्या बाईला हात लावायचा नाही. ज्याने पहिल्या विभागाचा मृत्युदर एक टक्क्यावर आणला, त्याला बाहुलीवर शिकवायला सांगितलं. पाच दिवसांच्या आत त्याने व्हिएन्ना सोडली. हेब्राला नाही, श्कोडाला नाही, कुणालाच सांगितलं नाही. ज्यांनी त्याच्यासाठी पदरचं वजन खर्च केलं होतं त्यांना हे फार लागलं. श्कोडा तर त्यानंतर त्याच्याबद्दल बोललाच नाही, असं म्हणतात.

पेस्टला आल्यावर तो सेंट रोकुस रुग्णालयातला बाळंतिणींचा वॉर्ड बघायला गेला. एक बाई मरून पडलेली, एक शेवटचे श्वास घेणारी, चार अत्यवस्थ. तो वॉर्ड एका शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे होता, आणि तोच शवविच्छेदनंही करी. १८५१ मध्ये सेमेलवाइसने तो वॉर्ड बिनपगारी मागून घेतला. पुढच्या सहा वर्षांत तिथे ९३३ बाळंतपणं झाली आणि बाळंतज्वराने आठ जणी दगावल्या. १८५५ साली तो पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथे दुसराच शत्रू निघाला. खाटांवरच्या चादरी धड धुतल्याच जात नसत. रक्तापुवाचे डाग वाळलेली चादर तशीच दुसऱ्या बाळंतिणीखाली घातली जाई. कारण अर्थात काटकसर. हात स्वच्छ आणि चादर घाण, मरण पुन्हा वाढलं. त्याने त्यावरही भांडण काढलं आणि चादरी बदलायला लावल्या.

१८५७ मध्ये त्याने मारिया वाइडेनहोफर हिच्याशी लग्न केलं. ती त्याच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी लहान. पाच मुलं झाली, दोन तान्हेपणीच गेली. त्याच वर्षी झ्युरिचहून प्राध्यापकपदाचं बोलावणं आलं होतं, ते त्याने नाकारलं. हा काळ त्याचा सुखाचा असावा.

अखेर त्याने ग्रंथ लिहिला. बाळंतज्वराची कारणं, स्वरूप आणि प्रतिबंध यांवरचा हा जाडजूड ग्रंथ १८६१ सालचा. आकड्यांची कोष्टकं पानोपानी. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली. मधेच विरोधकांचा समाचार. वाचणाऱ्याची दमछाक व्हावी असं पुस्तक. शोध लागल्यावर चौदा वर्षांनी ते आलं, तेव्हा वादात सगळ्यांच्या बाजू ठरून गेल्या होत्या. बर्लिनचे फिर्खो, ज्यांचा शब्द तेव्हा वैद्यकात वेदवाक्य होता, तेही विरोधात. मग सेमेलवाइसचा तोल सुटला. १८६१ आणि ६२ मध्ये त्याने युरोपातल्या नामवंत प्राध्यापकांना जाहीर पत्रं लिहिली. त्यांत नावं घेऊन त्यांना खुनी म्हटलं. तुम्ही शिकवलेले विद्यार्थी गावोगाव जाऊन बायकांना मारताहेत आणि त्याचे वाटेकरी तुम्ही आहात, असा त्या पत्रांचा सूर. आरोप खोटा होता असं आज कुणी म्हणणार नाही. पण खुनी म्हणवून घेतलेला माणूस हात धुवायला जात नाही, तो वकील शोधतो. लिहिण्याची नावड असलेला हा माणूस लिहायला बसला तेव्हा त्याच्याकडे रागच शिल्लक राहिला होता. त्याच वेळी त्या पत्रांच्या मागे वॉर्डातलं रोजचं मरण होतं हेही विसरता येत नाही. चौदा वर्षं तो दर महिन्याचे आकडे मोजत होता, आणि इतर ठिकाणचे आकडे तसेच राहिले होते.

१८६५ पर्यंत घरच्यांना त्याच्यात बदल दिसू लागला. विसरणं, भडकणं, विचित्र वागणं. मेंदूला काय झालं होतं याविषयी मतं अनेक आहेत; निकाल लागलेला नाही. ३० जुलै १८६५ रोजी त्याला व्हिएन्नाला आणलं. स्टेशनवर जुना मित्र हेब्रा घ्यायला आला. माझी नवी संस्था दाखवतो म्हणून तो त्याला वेड्यांच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेला आणि तिथे सोडून आला. कशात आणलं आहे हे उमगल्यावर सेमेलवाइसने निसटून जायचा प्रयत्न केला. पहारेकऱ्यांनी त्याला मारलं, जखडलं, अंधाऱ्या कोठडीत टाकलं. दोन आठवड्यांनी, १३ ऑगस्टला तो गेला. वय ४७. अंगावरच्या जखमा चिघळून रक्तात विष भिनलं होतं. शवविच्छेदन त्याच जनरल हॉस्पिटलात झालं.

शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून तो मेला, अशी कथा पुढे शंभर वर्षं सांगितली गेली. इस्पितळाची कागदपत्रं बाहेर आली ती १९७० नंतर, आणि मारहाणीची गोष्ट त्यानंतर उजेडात आली.

त्याच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर नावाच्या शस्त्रक्रियातज्ज्ञाने गाडीखाली पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाची जखम कार्बोलिक आम्लाने बांधली. जखम पिकली नाही. लिस्टरने पाश्चरचं वाचलं होतं, सेमेलवाइसचं नाव ऐकलं नव्हतं. १८७९ साली पॅरिसच्या अकादमीत बाळंतज्वरावर चर्चा चालू असताना खुद्द पाश्चर उठले आणि फळ्यावर साखळीसारखे जंतू काढून दाखवले. सेमेलवाइसचे कण ते हेच. त्याला जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

हंगेरीतल्या डॉक्टरांच्या संघटनेत नियम होता, की सभासद वारला की त्याच्या स्मरणार्थ एक भाषण व्हावं. सेमेलवाइससाठी ते झालं नाही. विद्यापीठात त्याच्या जागी आलेल्या प्राध्यापकाच्या काळात बाळंतिणींचं मरण सहा पटींनी वाढलं, आणि त्याबद्दल पेस्टमधल्या कुणी चौकशी केली नाही. घरच्यांनी काही वर्षांनी आडनाव बदलून घेतलं.

मग नेहमीप्रमाणे काळ बदलला. १८९१ मध्ये त्याच्या अस्थी व्हिएन्नाहून बुडापेस्टला आणल्या. आता त्या त्याच्या जन्मघरीच आहेत आणि तिथे वैद्यकाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. १९६९ मध्ये तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाला त्याचं नाव दिलं. २० मार्च २०२० रोजी, कोरोनाने जग घरात बसायला लागलं होतं तेव्हा, गूगल उघडणाऱ्यांना पडद्यावर हा मिशीवाला डॉक्टर हात कसे धुवावेत ते दाखवताना दिसला. पहिल्या विभागात तो पुन्हा रुजू झाल्याची ती तारीख. आपल्याकडे नातवंडं त्या दिवसांत वीस सेकंद मोजत हात धुवायला शिकली, ती ज्याच्यामुळे शिकली त्याचं नाव घरात कुणाला माहीत नव्हतं.

बुडापेस्टमध्ये रोकुस रुग्णालयासमोर त्याचा संगमरवरी पुतळा उभा आहे. आलायोश श्ट्रोब्ल या शिल्पकाराने तो १९०६ साली घडवला. डॉक्टर वर चौथऱ्यावर, अंगात लांब कोट, आणि खाली पायथ्याशी एक बाई तान्हं मूल घेऊन बसली आहे.